दोन्ही कामं करणाऱ्याची किंमत



महादेवपुऱ्यात मराठी माणसांसमोर खेळावर बोलायचं ठरलं, तेव्हा उदाहरणासाठी मला लांब जावं लागलं नाही. व्हाइटफील्डचं शेरेटन ग्रँड हॉटेल तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यापैकी कित्येक जण रोज त्या बाजूनं कामाला जात असतील. करोनाच्या दिवसांत, २२ डिसेंबर २०२१ पासून २५ फेब्रुवारी २०२२ पर्यंत, प्रो कबड्डीचा अख्खा आठवा हंगाम त्या हॉटेलच्या सभागृहात खेळला गेला. बारा संघ, एकच ठिकाण आणि प्रेक्षक एकही नाही. त्या रिकाम्या सभागृहात दोन मुलं पहिल्यांदा प्रो कबड्डीच्या मॅटवर उतरली. एक अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तो पुणेरी पलटणकडून चढाया करत होता. दुसरा इराणचा मोहम्मदरेझा शादलू. तो पाटणा पायरेट्सचा डावा कोपरा सांभाळत होता आणि त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

दोन वर्षांनी हे दोघं एकाच संघात आले आणि पुण्याला पहिलं विजेतेपद मिळालं. अस्लम मूळचा चढाईपटू, पण पकडीत कच्चा नाही. शादलू मूळचा बचावपटू, पण वेळ आली की बेधडक चढाईला जातो. लिलावाच्या यादीत अशा खेळाडूंना अष्टपैलू म्हणतात. आज मला एवढंच विचारायचं आहे की दोन्ही कामं करणाऱ्या या माणसाची खरी किंमत काय, आणि ती मोजायची कशी?

आपल्याकडे अष्टपैलूविषयी दोन टोकाची मतं असतात. एक म्हणतो, "वा, दोन माणसांचं काम एकटा करतो!" दुसरा म्हणतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या." दोघंही एकच हिशेब करतात. चढाईचे गुण किती, पकडीचे किती, बेरीज करा आणि सांगा. माझं म्हणणं असं की त्या बेरजेत त्याची निम्मी किंमतसुद्धा येत नाही. ती का येत नाही, ते आता बघू.

जुन्या हुतूतूत हा प्रश्नच नव्हता. गावच्या मातीत सात पोरं उतरली की सातही जण चढाईला जायची आणि सातही जण धरायची. कुणाचा पाय लांब, कुणाची कंबर मजबूत, एवढाच फरक. पुढे नियम झाले, संघटना झाल्या, बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य घालून हा खेळ देशभर नेला. मग मॅट आली, तीस सेकंदांचं घड्याळ आलं, दूरदर्शन संच आले, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. पैसा आला की कामाची वाटणी होते. आज संघ उभा करताना साधारण हिशेब असा असतो: दोन कोपरारक्षक, दोन मध्यरक्षक आणि तीन चढाईपटू. प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकाचा व्यायाम वेगळा. चढाईपटूला वेग हवा, कोपऱ्याला घोट्यावर झडप हवी, मध्यरक्षकाला छातीनं अडवायची ताकद हवी.

ही वाटणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. वाटणीमुळेच खेळाचा दर्जा वाढला. पण कबड्डीची एक खोड आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजी चालू असताना नऊ जण तंबूत बसू शकतात. कबड्डीत तसं नाही. एक चढाई आपली, लगेच पुढची समोरच्याची. मघाशी चढाई करून आलेला माणूस तीस सेकंदांत बचावाच्या ओळीत उभा असतो. त्याला पकड येत नसेल तरी तो तिथे असतोच. त्याला लपवायला जागा नाही. म्हणून वाटणी कितीही केली, तरी खेळ प्रत्येकाला विचारतोच: "तुझं दुसरं काम कसं आहे?"

आता अष्टपैलूची किंमत कुठे कुठे दिसते ते पाहू. माझ्या मते तीन जागी.

पहिली जागा म्हणजे बचावाची ओळ. समोरचा चढाईपटू निदानरेषेकडे येतो तेव्हा सातही जणांकडे सारखं बघत नाही. कच्चा दुवा कोणता ते तो शोधतो. पकड न येणारा चढाईपटू जिथे उभा असेल, तिकडे तो सरकतो, कारण तिकडून परतीची वाट मोकळी असते. साखळीतली एक कडी सैल असली की शेजारच्या कडीला दोन माणसांची जागा राखावी लागते. चढाईपटूच पक्का धरणारा असेल, तर समोरच्याला विसाव्याची जागा उरत नाही. त्यानं त्या सामन्यात एकही पकड केली नाही, तरी समोरच्याच्या पायांना लगाम बसलेला असतो. आता सांगा, हे गुणपत्रकात कुठे लिहिणार? न झालेल्या चढाईचा रकाना नसतो.

दुसरी जागा म्हणजे संघ अपुरा पडतो तेव्हा. आजच्या कबड्डीत बाद खेळाडू एरवी आत येतो तो आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला तरच. मुख्य चढाईपटू बाहेर बसला की संघ त्याला आत आणायला धडपडतो, आणि ते काम करायला उरलेल्यांत चढाई येणारा कुणीतरी हवा. तो नसेल, तर रिकाम्या चढाया होतात, तिसरी चढाई येते, माणसं कमी होत जातात आणि लोण बसतो. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी माणसं असताना पकड केली तर दोन गुण मिळतात, ते वेगळंच. म्हणजे संघ जितका मोडत जाईल, तितकी दोन्ही कामं येणाऱ्याची किंमत वाढत जाते. धडधाकट सात जण असताना तो सातांतला एक असतो. तीन उरले की तो निम्मा संघ असतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०१९ च्या सातव्या हंगामाच्या अंतिम सामन्याचं. अहमदाबादला बंगाल वॉरियर्स विरुद्ध दबंग दिल्ली. बंगालचा हुकमी चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर. दिल्लीकडे नवीन कुमार. त्या पोरानं एकट्यानं १८ गुण काढले. कागदावर सामना तिथेच संपायला हवा होता. पण बंगालकडे इराणचा मोहम्मद इस्माईल नबीबक्ष होता, अस्सल अष्टपैलू. त्यानं १० गुण मिळवले, बाकीच्यांनी भार वाटून घेतला, आणि बंगाल ३९–३४ असं जिंकलं. मुख्य खांब पडला तरी छप्पर उभं राहिलं, कारण दुसरा खांब दोन्ही बाजूंचा भार पेलणारा होता.

तिसरी जागा म्हणजे प्रशिक्षकाचं डोकं. अष्टपैलू असला की प्रशिक्षकाला बदली खेळाडू न आणता डाव बदलता येतो. आघाडी राखायची असेल तर तोच माणूस बचावाला जोर देतो. पिछाडी भरून काढायची असेल तर तोच चढाईला जातो. समोरच्या प्रशिक्षकाला मात्र कळत नाही की पुढच्या मिनिटाला काय येणार. फौजेत आम्ही याला फार मान देतो. शत्रूला तुमची ताकद कळली तरी चालतं, तुमचा इरादा कळता कामा नये.

बी. सी. रमेश यांचं नाव इथे घ्यायला हवं. कर्नाटकचे, भारताकडून खेळलेले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. २०१९ मध्ये बंगालला जिंकवणारे प्रशिक्षक हेच, आणि पुणेरी पलटणला पहिलं विजेतेपद मिळवून देणारेही हेच. १ मार्च २०२४, हैदराबाद, दहाव्या हंगामाचा अंतिम सामना. पलटणनं हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवलं. कर्णधार होता अस्लम इनामदार. त्या सामन्यात पंकज मोहितेच्या चढाया गाजल्या, गौरव खत्रीनं पकडी केल्या. कुणा एकट्याचा तो सामना नव्हताच. मला त्यातली बक्षिसं बोलकी वाटतात. हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू दिल्लीचा आशू मलिक ठरला, पण सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाला अस्लमला. चढाईच्या गुणांत दुसरा कुणी पुढे असताना निवड करणाऱ्यांना अस्लममध्ये आणखी काही दिसलं. ते 'आणखी काही' हाच आजचा विषय आहे.

आता तुमच्यातल्या आयटीवाल्यांकडे वळतो. अमेरिकन गिऱ्हाइकांशी फोनवर बोलताना तुम्ही त्यांच्या फुटबॉलच्या गप्पा ऐकता. त्यांच्या फुटबॉलमध्ये 'टाइट एंड' नावाची एक जागा आहे. ती समजली की अष्टपैलूचं दुखणं आणि त्याचं मोल दोन्ही समजतात.

चित्र असं डोळ्यांसमोर आणा. आक्रमण करणाऱ्या संघात अकरा जण. त्यातले पाच दांडगे गडी समोर भिंत करून उभे. त्यांचं काम धक्के खायचे आणि आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, सांभाळायचं. पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना एरवी परवानगी नाही. दुसरीकडे वाऱ्यासारखे पळणारे सडपातळ गडी, चेंडू झेलणारे. सगळं कौतुक, सगळ्या जाहिराती त्यांच्या. टाइट एंड उभा असतो भिंतीच्या टोकाला, भिंतीला चिकटून. तो धक्केही देतो आणि पळत जाऊन चेंडूही झेलतो. समोरच्या बचावाला तो कोड्यात टाकतो. त्याला अडवायला दांडगा माणूस आणला, तर तो पळून जातो. चपळ माणूस आणला, तर त्याला ढकलून तो आपल्या गड्याला वाट करून देतो. चेंडू सुटेपर्यंत समोरच्याला कळत नाही की आज हा हमाल आहे की हरीण.

या जागेला नाव मिळवून दिलं माइक डिटकानं. १९६१ मध्ये, आपल्या पहिल्याच हंगामात, त्यानं हजाराहून जास्त यार्डांचे झेल घेतले. तोवर या गड्याकडून कुणी असं काही अपेक्षिलं नव्हतं. पुढे टोनी गोन्झालेझ आला. तो विद्यापीठात बास्केटबॉलही खेळलेला. सतरा हंगामांत त्यानं १,३२५ झेल घेतले. अलीकडचा ट्रॅव्हिस केल्सी तर सिनेमा-गाण्याच्या बातम्यांमुळे तुमच्या घरातल्या मुलींनाही माहीत असेल. त्यानं २०२० च्या हंगामात १,४१६ यार्ड कमावले, या जागेवरचा तो विक्रम झाला.

पण मला सांगायची आहे ती २०१४ मधली जिमी ग्रॅहमची गोष्ट. तो न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा टाइट एंड. तिथे एक पद्धत आहे. करार संपलेल्या खेळाडूला संघ एक वर्ष राखून ठेवू शकतो, आणि त्या वर्षाचा पगार त्याच्या जागेवरच्या बड्या खेळाडूंच्या पगारावरून ठरतो. टाइट एंड म्हणून ग्रॅहमला मिळत होते सुमारे ७० लाख डॉलर. झेल घेणारा म्हणून गणला असता, तर मिळाले असते सुमारे १ कोटी २३ लाख. ग्रॅहम म्हणाला, "मी बहुतेक वेळा भिंतीपासून दूर उभा राहतो, झेलणाऱ्यांचं काम करतो, मग मला त्यांचा भाव द्या." प्रकरण लवादाकडे गेलं. लवादानं निकाल दिला की हा टाइट एंडच. पुढे त्याच संघानं त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो उपाशी राहिला असं नाही. पण प्रश्न उरतोच. एकच काम करणाऱ्यापेक्षा दोन कामं करणाऱ्याचा ठरलेला दर कमी का?

कारण दर ठरतो तो दिसणाऱ्या कामावर. झेल दिसतो, मोजता येतो. दिलेला धक्का दिसत नाही. आपल्याकडेही तेच. पकडीत चार जण तुटून पडतात, गुण एकाच्या नावावर चढतो. दुसरा हात कुणी घातला, परतीची वाट कुणी अडवली, हे सामना संपेपर्यंत विसरलेलं असतं.

या बाबतीत कबड्डीचा बाजार अमेरिकेपेक्षा थोडा शहाणा निघाला म्हणायचा. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुण्यानं शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. पुढच्या वर्षी हरयाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात, पलटणच्याच अंगणात, हरयाणानं पाटण्याला ३२–२३ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. शादलू त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. सलग दोन वर्षं, दोन संघ, दोन विजेतेपदं. त्याच हंगामात पलटणचं काय झालं? शादलू गेला होता, आणि मध्येच अस्लमचा गुडघा दुखावला. गतविजेता संघ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. दोन अष्टपैलू काढून घ्या आणि काय उरतं, याचा असा उघड प्रयोग फार कमी वेळा बघायला मिळतो.

तरीही इथे मी हात आखडता घेतो. अष्टपैलू म्हणजे मंतरलेला ताईत नव्हे. २०२५ मध्ये शादलूला गुजरातनं २ कोटी २३ लाखांना घेतलं, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती, पण गुजरातला विजेतेपद मिळालं नाही. त्याच वर्षी शादलूशिवाय, पण परतलेल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली, पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून २८–३१ असं हरली. यातून मी एवढंच घेतो की दोन्ही कामं करणारा माणूस आधीच जुळलेल्या संघाला बळ देतो. जिथे कोपरा नाही, मध्यरक्षक नाही, चढाईला दुसरा नाही, तिथे त्याला सगळीच भोकं बुजवायला लावली, तर तो कुठल्याच भोकाला पुरत नाही. आणि अस्लमचा गुडघा विसरू नका. दोन कामं म्हणजे शरीरावर दुप्पट मार. जो प्रशिक्षक अष्टपैलूकडून दोन्ही कामं पूर्ण वेळ करून घेतो, तो त्याची दोन वर्षं एका वर्षात संपवतो. त्याला कधी काय करू द्यायचं नाही, हे ठरवणं हेच प्रशिक्षकाचं कसब.

फौजेतलं एक उदाहरण देतो, कारण तिथे हा प्रश्न जुना आहे. बंगळूरच्या हलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे, पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचं. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग काढणारा, रस्ता करणारा. पण गरज पडली की त्यानं पायदळासारखं लढायचं, हेही त्याच्या शिक्षणातच असतं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे होते. कारवारकडचे, म्हणजे आजच्या याच कर्नाटकातले. रस्त्यात सुरुंग, तोडून टाकलेली झाडं, वरून शत्रूचा मारा. पहिल्याच दिवशी मांडीला जखम झाली, तरी ते हटले नाहीत. ८ ते ११ एप्रिल, सलग चार दिवस, त्यांनी आपल्या रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. १२ तारखेला राजौरी हाती आली.

राजौरी घेतली ती रणगाडे आणि पायदळानं, असं सरधोपट वर्णन सहज करता आलं असतं. पण राणे यांना परमवीर चक्र मिळालं. का मिळालं? त्यांचा पराक्रम तर होताच. पण त्याचबरोबर कुणीतरी ते काम पाहिलं, दिवसवार लिहिलं आणि वर पाठवलं. न दिसणारं काम आपोआप दिसत नाही. कुणीतरी ते लिहून ठेवावं लागतं.

म्हणून तुम्हाला एक साधं काम सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण इथल्या किंवा गावाकडच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धांना मदत करता. पुढच्या स्पर्धेत गुणलेखकाशेजारी आणखी एक मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसवा. वहीत चार रकाने करा. पकडीत दुसरा हात कुणाचा होता? परतीची वाट कुणी बंद केली? चार किंवा कमी माणसं उरलेली असताना चढाईला कोण गेला? आणि आघाडी राखायच्या वेळी गुण न मिळवता, पण बादही न होता, शहाणपणानं वेळ काढून कोण परतला? चार सामन्यांनंतर ती वही उघडा. गुणपत्रकात खालच्या बाजूला असलेली दोन-तीन नावं त्या वहीत वर आलेली दिसतील.

त्या पोरांना बोलावून सांगा की तुमचं काम आम्ही पाहिलं. आणि आईबापांना, प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. बाराव्या वर्षी मुलाच्या कपाळावर 'चढाईपटू' किंवा 'कोपरा' असा शिक्का मारू नका. चढाईत चमकणाऱ्या मुलाला महिनाभर कोपऱ्यात उभं करा, धरणाऱ्या मुलाला रोज पाच चढाया करू द्या. पुढे तो एकाच कामात रमला तर रमू दे. पण दुसऱ्या बाजूनं खेळ कसा दिसतो हे त्याला आयुष्यभर पुरेल. चढाई करताना त्याला पकडणाऱ्याचं मन कळेल, आणि पकडताना चढाई करणाऱ्याची घाई.

मणिंदर नसतानाही जिंकायचं असेल, तर नबीबक्ष आधीपासून तयार असावा लागतो. तो लिलावात मिळतोच असं नाही, आणि आपल्या मंडळांपाशी दोन कोटी कुठून असणार? आपल्यापाशी वही आहे, पेन्सिल आहे आणि बघणारे डोळे आहेत. तेवढ्यावर सुरुवात होते.

 जय हिंद, जय महाराष्ट्र, जय कर्नाटक.